पुढे झुकलं की उठवणारी खुर्ची

माझ्या बोटांनी संप पुकारला तेव्हा मी भांडुपच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. आधी हातातून खडू सुटायला लागला, मग पदराची पिन लावता येईना, आणि मग गुडघेही त्या संपात सामील झाले. डॉक्टर म्हणाले, संधिवात. इतक्या तरुण वयात कसा, असं ज्याने त्याने विचारलं, जणू मी तो वशिला लावून वेळेआधी मिळवला होता. मुंबईतले संप कधी ना कधी मिटतात. हा मिटला नाही. मी नोकरी सोडली आणि मुलुंडच्या आमच्या दीड खोलीत घरी बसले. बसले की उठवायला ह्यांना यावं लागे.

हे म्हणजे माझे यजमान. आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. तिथे आधी बॉयलर आणि रसायनांच्या टाक्या होत असत. पुढे ट्रॉम्बेला अणुशक्तीचं काम वाढलं, तशी तिकडे लागणारी यंत्रंही होऊ लागली. ह्यांना त्या यंत्रांचं वेड लागलं. घरी आले की जेवताना ताटातली वाटी इकडची तिकडे सरकवत काहीतरी पुटपुटायचे. मी विचारलं की म्हणायचे, "तुला सांगून काय कळणार?" आणि मग तासभर सांगायचे.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असे, आणि त्या दिवशी घरच्या मंडळींना आत सोडत. एका वर्षी हे मला रिक्षासारख्या खडखडणाऱ्या एका व्हॅनमधून घेऊन गेले. कारखान्याच्या मधोमध लाकडी फळ्यांची एक भिंत उभी होती आणि तिच्यात पिवळसर झाक असलेली जाड काच. खरी भिंत तिकडे, ट्रॉम्बेला, काँक्रीटची असणार होती. ही नुसती चाचणीपुरती. भिंतीवरून दोन लोखंडी हात पलीकडे उतरले होते. आपण अलीकडे मुठी फिरवल्या की पलीकडचे हात तसेच हलायचे. त्या हातांच्या पंजाला ह्यांनी एक खटका शोधून काढला होता. मध्येच एखादी तार तुटली, तरी पंजाने धरलेली वस्तू खाली पडायची नाही. तो पकडूनच ठेवायचा. ह्यांनी त्या पंजाने परडीतलं झेंडूचं फूल उचललं आणि पलीकडच्या यंत्रावर वाहिलं. एक पाकळी गळली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या वाजवता येत नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर मला त्या लोखंडाचा हेवा वाटला.

"आत काही बिघडलं तर दुरुस्त कोण करतं?" मी विचारलं.

"कुणी नाही. एकदा तिथे काम सुरू झालं की किरणोत्सर्गामुळे माणूस आत जाऊच शकत नाही. म्हणून अडकेल असं काही आत ठेवायचंच नाही. सगळं इथेच, भिंतीच्या बाहेर बसून, हात न लावता करून बघायचं. अडलं तर इथे अडू दे."

मी मान डोलावली आणि प्रसादाचे पेढे कुठे आहेत ते बघायला लागले.

त्यानंतर ह्यांना धाप लागायला लागली. पुलाचा जिना चढताना मध्ये थांबायचे आणि बुटाची नाडी बांधल्याचं नाटक करायचे. घाटकोपरच्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं की लहानपणी आलेल्या एका तापाने हृदयाची झडप आखडली आहे; औषधं घ्या, जपून राहा, फार पुढचं काही सांगता येत नाही. दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून हे म्हणाले, "आमच्याकडे अशी झडप आली असती तर मी ती पासच केली नसती." स्वतःच्याच विनोदावर हसलेही. मला त्यांचा असा राग आला की मी टॅक्सीत मुलुंड येईपर्यंत बोलले नाही.

आम्हाला मूल नव्हतं. ह्यांच्यामागे मला एकच दार होतं, पुण्याला भावाचं. भाऊ चांगला आहे, वहिनीही चांगली. पण माझ्या डोळ्यांपुढे माझी आत्या होती. ती विधवा होऊन माझ्या वडिलांकडे राहायला आली आणि म्हातारपणी तिला उठता येईना. तिला कुणी छळलं नाही. पण पाणी हवं असलं तरी ती आधी घरातल्यांचे चेहरे बघायची, कोण जरा मोकळं दिसतंय ते हेरायची, आणि पुष्कळदा तशीच तहानलेली राहायची. घरात आपलं काही काम नाही, हे कळलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, तो मी तिच्या तोंडावर पाहिला होता. दवाखान्यातून आलो त्या रात्री जेवताना मी रडत ह्यांना म्हणाले, "माझी आत्या होऊ देऊ नका." बायका असं बोलून जातात. नवऱ्याने त्यावर "काहीतरीच काय" म्हणायचं असतं. ह्यांनी ते काम म्हणून अंगावर घेतलं.

पहिल्यांदा खुर्ची केली. कुठल्याशा पाडलेल्या बंगल्याच्या दारांचं जुनं सागवान आणलं, कुर्ल्याच्या भंगारबाजारातून लोखंडाची वजनं आणली, आणि सुट्टीच्या दिवशी गॅलरीत पत्रे अंथरून कापाकापी सुरू झाली. पाठीच्या आत वजनं लपवलेली. आपण बसलो की बैठक आपल्याला घेऊन सावकाश खाली जायची, आणि उठायचं असलं की नुसतं पुढे झुकायचं. बैठक मागून वर यायची आणि आपल्याला उभं करून सोडायची. बोटांचं काही काम नाही. पहिल्यांदा बसले तेव्हा मी "अगं आई" म्हणून ओरडले आणि शेजारीण धावत आली. ती मालवणकडची. तिने स्वतः बसून पाहिलं, दोनदा वरखाली झाली, आणि मला म्हणाली, "बाये, तुझो घोव इंजिनेर आसा की सुतार गो?"

मग ओटा कापून खुर्चीच्या उंचीला आणला. नळाला कोपराने फिरेल असा लांब दांडा लावला. कपाटांच्या मुठी काढून टाकल्या आणि पायाच्या अंगठ्याने दाबलं की दार उघडेल असं केलं. चहाचं पातेलं एका झुल्यात बसवलं. ते उचलायचं नाही, नुसतं मनगटाने ढकलायचं, की चहा कपात. पोळपाट ओट्याला जखडला. घरात येणारा प्रत्येक पाहुणा आधी कपाटाशी झटापट करायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. मी ऐटीत अंगठा दाबायची. तेवढी गंमत मी करून घेतली, नाही म्हणणार नाही.

पण ह्यांच्या एकेका रविवारचा भुसा होत होता आणि तो मला दिसत होता. डॉक्टरांनी जपा म्हणून सांगितलेला माणूस करवत चालवत होता. मी म्हणायची, "अहो, बसा ना जरा माझ्याजवळ." हे म्हणायचे, "एवढं झालं की बसतो." एके दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मला नकोत तुमच्या खुर्च्या. मला तुम्ही हवे आहात."

हे रंधा बाजूला ठेवून म्हणाले, "मी टिकणार नाही गं. खुर्ची टिकेल."

मी कपाटाला लाथ मारली. ते उघडलं. हे हसले आणि मग मीही हसले, आणि हसता हसता दोघांनाही रडू फुटलं.

सगळ्या वस्तू झाल्यावर ह्यांनी जे काढलं ते कारखान्याच्या माणसालाच सुचावं. म्हणाले, आता चाचणी. सकाळपासून दुपारपर्यंत मी घरातली सगळी कामं एकटीने करायची, आणि हे गॅलरीत बसणार, मधलं दार लावून, खिडकीच्या काचेतून बघत. काही झालं तरी आत यायचं नाही, हात लावायचा नाही, बोलायचंही नाही. "भिंतीच्या बाहेर बसूनच कळतं," म्हणाले.

पहिल्या चाचणीत पोह्यांच्या डब्याचं झाकण निघेना. मी मनगटं लावली, कोपरं लावली, शेवटी दात लावले. काचेपलीकडे हे उठून उभे राहिले, परत बसले, परत उठले. दोन्ही हात स्वतःच्या काखांत दाबून धरले होते, आपोआप पुढे येतील म्हणून. तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून शेजारणीने तो प्रकार पाहिला आणि तिचा तोल सुटला. "काय वो, बायल थंय धडपडता आणि तुमी हंय बसून बघतास?"

"वहिनी, ट्रायल चालू आहे," हे म्हणाले.

"चुलीत घाला ती ट्रायल!"

पण चाचणी संपल्यावर हे आत आले ते कानावर पेन्सिल ठेवूनच. डब्याचं झाकण अडलं म्हणून त्यांना काय आनंद झाला होता! पुढच्या सुट्टीपर्यंत सगळे डबे ओट्याच्या कडेला उलटे टांगले गेले आणि खालून पट्टी सरकवली की धान्य वाटीत पडायला लागलं. मग दुसरी चाचणी, तिसरी. दर वेळी काहीतरी अडायचं आणि दर वेळी हे खूश होऊन कामाला लागायचे. माझ्या अडण्यावर हा माणूस जगतोय, असं मला कधीकधी वाटायचं.

एका रविवारी काहीच अडलं नाही. अंघोळ, कपडे, चहा, वरणभात, भांडी, सगळं झालं. मी खुर्चीत बसले, झुकले, उभी राहिले आणि स्वतः गॅलरीचं दार उघडलं. मला वाटलं हे उड्या मारतील. हे म्हणाले, "झालं म्हणायचं," आणि पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली. मग बराच वेळ रिकाम्या गॅलरीत भुसा गोळा करत राहिले.

त्यानंतरचे काही महिने मात्र माझे. करवत बंद झाली. हे सुट्टीच्या दिवशी खरंच माझ्याजवळ बसायला लागले. हिवाळ्यात एकदा आम्ही आरे कॉलनीत गेलो. बसमधून उतरताना ह्यांनी माझा हात धरला, आणि उतरल्यावर सोडायला विसरले. झाडांखाली बसून थंड दूध प्यालो. बाटली ह्यांनी धरली होती, मी नळीने पीत होते. परत उठायच्या वेळी तिथे कुठली खुर्ची असणार? हे समोर उकिडवे बसले, माझे दोन्ही हात स्वतःच्या खांद्यांवर घेतले आणि मला उठवलं. त्यांना धाप लागली. माझं वजन वाढलंय असं मी म्हटलं, आणि ते म्हणाले, "नाही, एवढं पाहिजेच."

पावसाळा संपता संपता ह्यांना कारखान्यातूनच घाटकोपरच्या इस्पितळात नेलं. झडप फार थकली होती. भेटायची वेळ दुपारची. शेजारीण मला टॅक्सीने घेऊन जायची आणि वॉर्डाच्या दाराशी थांबायची. मी घरी एकटी होते. आता काचेपलीकडे कुणी नव्हतं आणि ही खरी परीक्षा होती.

पहिल्या दिवशी हे उशीला टेकून बसले होते. मला पाहिल्याबरोबर विचारलं, "काही अडलं?"

"नाही," मी म्हटलं. मला वाटलं त्यांच्या जिवाला बरं वाटेल.

"सकाळी नळ?"

"झाला."

"भात?"

"केला. जेवले. तुम्ही काळजी करू नका. काहीच अडलं नाही."

"बरं झालं," म्हणाले, आणि भिंतीकडे बघत राहिले. मग हळूच, माझ्याशी नाही, असं काहीतरी बोलले, "म्हणजे अडत नाहीच." मी त्यांचा चेहरा पाहिला. तो माझ्या आत्याचा चेहरा होता. मला तसं होऊ द्यायचं नाही म्हणून ह्यांनी जिवाचं रान केलं, आणि ते दुखणं आता त्यांच्याच अंगावर आलं होतं. त्यांच्यावाचून माझं काहीही अडत नव्हतं. हे त्यांनी स्वतःच घडवलं होतं, आणि मी मूर्खासारखी त्यावर शिक्का मारून आले होते.

दुसऱ्या दिवशी मी टॅक्सीत बसतानाच ठरवलं होतं. त्यांनी विचारायच्या आधीच म्हटलं, "अहो, खुर्ची अडकली."

हे ताठ बसले. "काय म्हणतेस? अडकेल असं तिच्यात काही नाहीच."

"मला काय कळतंय त्यातलं? अडकली एवढं खरं."

"वर जाताना की खाली येताना?"

मला खोटं बोलायचा सराव नाही. "वर," मी म्हटलं.

"किती वर? आवाज आला का? कर्र आला की टक् आला?"

"टक्," मी म्हटलं.

माझ्या त्या एका टक्ने ह्यांच्या तोंडावर जे रक्त चढलं ते डॉक्टरांच्या कुठल्याही औषधाने चढलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं वर्तमानपत्र मागून घेतलं, नर्सची पेन्सिल मागून घेतली, आणि कडेच्या कोऱ्या जागेवर खुर्चीचं पोट काढायला लागले. डावीकडचं वजन खोबणीतून सरकलं असणार. सागवान पावसाळ्यात फुगलं असणार. चूक माझीच, म्हणाले, खोबण जरा सैल ठेवायला हवी होती. डॉक्टर फेरीला आले तर त्यांना विचारतात, "मला घरी कधी सोडता? माझं तिथे काम अडलंय." डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. मी मान खाली घातली.

निघताना ह्यांनी मला परत बोलावलं. "मिस्त्रीबिस्त्री बोलावू नकोस. वाट लावतील. मी आल्यावर करतो. काही नाही, मागची फळी काढून डावी खोबण घासली की झालं. तोवर तिच्यावर बसू नकोस. मध्येच सुटली तर पडशील."

"नाही बसत," मी म्हटलं.

"मग उठशील कशी?"

"तुम्ही या लवकर."

त्यावर हे जे हसले ते मला अजून दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी चहा करत असताना, कारखान्यातले दोघे जण दाराशी आले आणि आत न येता उभे राहिले.

सुतकाचे दिवस मी जमिनीवर सतरंजीवर काढले. आमच्याकडे तशी रीतच आहे, पण माझ्यासारखीने जमिनीवर बसायचं म्हणजे प्रत्येक वेळी दोन बायकांनी काखेत हात घालून उभं करायचं. शेजारीण आणि वहिनी करत होत्या. सगळ्या म्हणायच्या, अगं, तुझी ती खुर्ची आहे ना, तिच्यावर बस, तुला कोण नावं ठेवणार आहे? मी नाही बसले. त्यांना वाटलं मी रीत पाळते आहे. मी ह्यांनी सांगितल्याप्रमाणे वागत होते. ती बिघडली आहे, असं समजून हे गेले होते. आयुष्यात ज्या एका माणसाने सैल काम केलं नाही, तो "चूक माझीच" म्हणत गेला, आणि ती चूक मी त्याच्या पदरात घातली होती. ह्या विचाराने मला घास उतरत नसे. पण त्यांचा तो हसरा चेहरा आठवला की वाटायचं, पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच सांगेन, आणि आणखी चार टक् सांगेन.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आता तरी खुर्चीवर बस, असं भाऊ म्हणाला तेव्हा ती बिघडली आहे, एवढंच मी त्याला सांगितलं. भाऊ म्हणाला, "चल आता पुण्याला. सामान आपण नंतर नेऊ." मी म्हटलं, मी इथेच राहणार. त्याने समजावलं, रागावला, शेवटी काकुळतीला आला. मी त्याला नळ दाखवला, डबे दाखवले, चहा करून पाजला. तो कप हातात घेऊन घर बघत राहिला. मग म्हणाला, "सगळं ठीक आहे गं. पण रोजचं उठण्या-बसण्याचं काय? मघाशी आम्ही दोघांनी तुला उठवलं. ती खुर्ची तर बिघडलीय म्हणतेस."

तो परतीच्या गाडीची चौकशी करायला खाली गेला आणि वहिनी शेजारी गेली.

घरात कुणी नव्हतं. खुर्चीवर लोकांच्या पिशव्या आणि छत्र्या पडल्या होत्या. त्या मी कोपराने ढकलून खाली पाडल्या आणि बसले. बैठक मला घेऊन सावकाश खाली गेली. मी पुढे झुकले. ती मागून वर आली. परत बसले. वाकडी बसले, सगळा भार डावीकडे टाकला, मध्येच झटका दिला. एकदा तरी अडावी, एकदा तरी टक् वाजावं, म्हणजे मी खोटं बोलले नव्हते असं होईल, आणि ते ज्या कामासाठी घरी येणार होते ते काम खरंच घरात असेल. ती अडली नाही. मी तिच्या हातावर माझ्या वाकड्या मुठी आपटल्या आणि ह्यांना हाका मारल्या. मोठमोठ्याने रडले. एवढ्या दिवसांत चारचौघांत मला तसं रडता आलं नव्हतं.

भाऊ परत आला तेव्हा मी उभी होते. तो दारातच थबकला. खाली पडलेल्या पिशव्यांकडे, रिकाम्या खुर्चीकडे आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "तिच्यावर बसून उठलीस? खुर्ची दुरुस्त झाली की काय?"

"हो," मी म्हटलं.

"कुणी केली?"

"ह्यांनी."